साक्षीदार कोठून आणायचे? : कायद्याचे उच्च शिक्षण, शिफारसपत्र आणि आपले विद्यार्थी

१

पदवी घेऊन सहा-सात वर्षे झाली आहेत. मधल्या काळात कोणी तालुक्याच्या कोर्टात वकिली केली, कोणी शाळेत शिकवले, कोणी अत्याचाराच्या प्रकरणांपायी पोलीस ठाणे ते सत्र न्यायालय अशा खेपा घातल्या. आता कायद्याचे पुढचे शिक्षण परदेशात घ्यावे अशी उमेद मनात आहे. गुण बरे आहेत, इंग्रजीच्या परीक्षेची तयारी आहे, शिष्यवृत्तीचीही माहिती काढली आहे. आणि अर्जातल्या एका रकान्यापाशी हात थांबतो : 'आपल्याला शिकवलेल्या दोन प्राध्यापकांची शिफारसपत्रे.' तेथे थांबलेला अर्ज पुष्कळदा थांबूनच राहतो.

कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते. सर निवृत्त झाले. मॅडम दुसऱ्या महाविद्यालयात गेल्या. ज्यांनी शिकवले त्यांना आपले नावही आठवणार नाही. आणि इतक्या वर्षांनी कोणत्या तोंडाने जायचे? ही अडचण ज्याची त्याला वैयक्तिक वाटते. परंतु तिच्या मुळाशी दोन सामाजिक गोष्टी आहेत. 'शिफारस' या शब्दाला आपल्याकडे चिकटलेला अर्थ ही पहिली, आणि वर्गात कोण कोणाच्या लक्षात राहतो ही दुसरी. त्यांचा उलगडा करावा, आणि वर्षे उलटल्यावरही हे पत्र रीतसर व स्वाभिमानाने कसे मिळवता येते ते सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

महाराष्ट्रात कायद्याच्या पदवीला शिफारसपत्र लागत नाही. २०१६ पासून हे प्रवेश राज्याच्या सामाईक परीक्षेतून होतात. परीक्षेचे गुण, प्रवर्ग आणि कॉलेजांचा पसंतीक्रम यांवर काम भागते. त्यामुळे आपला विद्यार्थी वकील होऊन सनद घेतो तरी त्याने आयुष्यात एकही शिफारसपत्र मागितलेले नसते. त्याला ठाऊक असते ते कॅरेक्टर सर्टिफिकेट : ऑफिसातला छापील नमुना, मोकळ्या जागेत नाव, खाली प्राचार्यांचा शिक्का. ते पत्र कोणाविषयीही असू शकते. म्हणून ते कोणाविषयीच काही सांगत नाही.

परदेशात रीत वेगळी आहे. अमेरिकेत कायदा हा पदवीनंतर शिकण्याचा विषय आहे. तेथे मूळ अभ्यासक्रम तीन वर्षांचा असतो; आपल्याकडची एलएल.बी. झालेले बहुधा एक वर्षाच्या एलएल.एम.ला अर्ज करतात. बहुतेक अमेरिकी लॉ स्कूल किमान दोन पत्रे मागतात. ऑक्सफर्डच्या बी.सी.एल. या कायद्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला तीन लागतात. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीत मुलाखतीसाठी निवड झाल्यावर दोन पत्रे द्यावी लागतात. पहिले पत्र मागण्याची वेळ अशी पदवीनंतर कित्येक वर्षांनी, आणि तीही थेट परक्या देशाच्या दारात येते.

२

आपल्याकडे शिफारस म्हटले की वशिला आठवतो. आमदाराची चिठ्ठी, संस्थाचालकाचा फोन, साहेबांच्या मेहुण्याचा शब्द. वशिल्याचे लोक पुढे सरकतात आणि लायकीचे लोक रांगेत उभे राहतात, हे ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले त्यातल्या मुलाला शिफारस मागताना संकोच वाटतो. हा संकोच त्याच्या स्वाभिमानातून आला आहे. पण तो येथे चुकीच्या जागी खर्च होतो. याउलट काही जण खरोखरच एखाद्या मंत्र्याचे किंवा निवृत्त अधिकाऱ्याचे पत्र जोडतात आणि आपले काम पक्के झाले असे समजतात. त्या मंत्र्याने अर्जदाराची एकही उत्तरपत्रिका पाहिलेली नसते. निवड करणाऱ्याला हे दुसऱ्या ओळीतच कळते, आणि ते पत्र बाजूला पडते.

शिफारसपत्र ही साक्ष आहे. कायद्याच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट पुराव्याच्या कायद्यावरून चटकन समजावी. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ याने घेतली. पण साक्षीची मूळ तत्त्वे नव्या कायद्यातही कायम आहेत. त्यांतली तीन आपल्या कामाची आहेत.

पहिले तत्त्व जुन्या कायद्याच्या कलम ६० मधले. साक्षीदाराने स्वतः पाहिलेले, स्वतः ऐकलेले तेवढेच सांगावे. ऐकीव गोष्टीला किंमत नाही. म्हणून पत्र देणाऱ्याचे पद किती मोठे यापेक्षा त्याने आपले काम किती जवळून पाहिले, हा खरा प्रश्न आहे. ज्यांनी आपला प्रकल्प दोनदा परत करून तिसऱ्यांदा स्वीकारला त्या तासिका तत्त्वावरील अध्यापकांचे पत्र, ज्यांनी आपल्याला फक्त बक्षीस समारंभात पाहिले त्या प्राचार्यांच्या पत्रापेक्षा वजनदार असते.

दुसरे तत्त्व कलम १३४ मधले. कोणतीही गोष्ट शाबीत करायला साक्षीदारांची अमुक एक संख्या लागत नाही. अर्जात दोन पत्रे मागितली असतील तर दोनच द्यावीत, पण ती भरीव असावीत. गुळगुळीत पाच पत्रांनी काही सिद्ध होत नाही.

तिसरे तत्त्व कलम १५९ मधले आणि या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. साक्षीदाराला घटनेच्या सुमारास केलेले लिखाण पाहून आपली स्मृती ताजी करता येते. कायद्यालाच माहीत आहे की माणूस विसरतो. विसरल्याने तो खोटा ठरत नाही. त्याच्या हातात तेव्हाचा कागद द्यावा लागतो. सात वर्षांपूर्वीच्या प्राध्यापकांना आपण आठवत नसू, तर त्यात त्यांचा अपराध नाही आणि आपला अपमानही नाही. त्यांची स्मृती ताजी करणारा कागद आपण नेला आहे काय, एवढेच पाहायचे.

३

परंतु कागद नेण्याआधी एक प्रश्न उरतोच. मुळात काही विद्यार्थी प्राध्यापकांच्या लक्षात राहतात आणि काही राहत नाहीत, हे कसे घडते?

ज्याचे वडील वकील आहेत तो मुलगा पहिल्या वर्षीच प्राध्यापकांच्या खोलीत सहज जातो. शंका विचारणे, पुस्तक मागणे, सेमिनारला सरांबरोबर जाणे हे त्याला घरच्यासारखे वाटते. जो समाजकल्याणच्या वसतिगृहातून येतो, शिष्यवृत्तीचा हप्ता लांबला म्हणून संध्याकाळी कुठे तरी काम करतो, इंग्रजीत वाक्य चुकेल म्हणून गप्प बसतो, तो तास संपताच निघून जातो. त्याची उत्तरपत्रिका चांगली असते, पण त्या उत्तरपत्रिकेला चेहरा नसतो. काही ठिकाणी चेहरा असतो, पण तो 'कॅटेगरीतला' एवढ्याच खुणेने ओळखला जातो. शिफारसपत्र गुणवत्ता मोजते हे खरे. त्याच वेळी ते जवळीकही मोजते. आणि आपल्या देशात जवळीक जातीच्या वाटांनी जाते.

हा अनुभव केवळ आपला नाही. अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठात जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय तरुणाने १९६१ साली प्रवेशासाठी अर्ज केला. हवाई दलात नऊ वर्षे नोकरी करून तो परतला होता. विद्यापीठाची अट होती की अर्जदाराने तेथील माजी विद्यार्थ्यांकडून आपल्या सद्वर्तनाची प्रमाणपत्रे आणावीत. माजी विद्यार्थी सगळे गोरे. मेरेडिथने कळवले की मी कृष्णवर्णीय आहे आणि तुमचे पदवीधर सारे गोरे आहेत, म्हणून ही प्रमाणपत्रे मला देता येत नाहीत. त्यांऐवजी त्याने आपल्या भागातील कृष्णवर्णीय नागरिकांची प्रमाणपत्रे जोडली. प्रकरण न्यायालयात गेले. जानेवारी १९६२ मध्ये संघीय अपील न्यायालयाने ही अट कृष्णवर्णीय अर्जदारांच्या बाबतीत कायद्याच्या समान संरक्षणाचा भंग करणारी ठरवली. ऑक्टोबर १९६२ मध्ये मेरेडिथ सशस्त्र बंदोबस्तात त्या विद्यापीठात दाखल झाला, १९६३ मध्ये पदवीधर झाला, आणि पुढे १९६८ मध्ये त्याने कायद्याची पदवी घेतली ती कोलंबिया विद्यापीठातून. बाबासाहेब जेथे शिकले त्याच.

आजच्या शिफारसपत्राची अट मिसिसिपीच्या अटीसारखी उघड भेद करणारी नाही. माजी विद्यार्थ्याचा शिक्का कोणी मागत नाही. शिकवणाऱ्याची साक्ष मागतात. पण साक्षीदार कोणाला सहज मिळतो आणि कोणाला शोधावा लागतो, हा प्रश्न संपलेला नाही. मेरेडिथने दोन गोष्टी केल्या. अट कोठे अन्यायाची आहे ते स्पष्ट सांगितले, आणि रिकामे न बसता आपल्या ओळखीच्या जगातून दुसरे साक्षीदार उभे केले. आपल्यालाही दोन्ही करायचे आहे.

४

बाबासाहेबांच्या शिक्षणाचा इतिहास आपण त्यागाचा आणि जिद्दीचा म्हणून वाचतो. तो साक्षीदारांचा इतिहास म्हणूनही वाचता येतो. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसलेला मुलगा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः पाहिला होता. पुढे त्यांनीच सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. कोलंबियात प्राध्यापक सेलिग्मन यांनी त्यांचे काम पाहिले, आणि १९१६ मध्ये लंडनच्या प्राध्यापकांना त्यांच्याविषयी लिहिले. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली, अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. त्या वेळी प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या शिफारशीवरून लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत अभ्यास पुन्हा सुरू करण्याची मुभा दिली. १९२० मध्ये बाबासाहेब परत लंडनला गेले ते या मुभेच्या मुदतीत.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. 'रुपयाचा प्रश्न' हा त्यांचा ग्रंथ १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याला कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली. तीत त्यांनी बाबासाहेबांच्या मताशी असलेला आपला मतभेद उघडपणे नोंदवला आणि तरीही त्यांच्या विचारांच्या ताजेपणाची दखल घेतली. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील त्यांच्या ग्रंथाला १९२५ मध्ये सेलिग्मन यांनी प्रस्तावना दिली. कोलंबिया सोडून तेव्हा नऊ वर्षे झाली होती. नऊ वर्षांनंतर गुरू आपल्या विद्यार्थ्याविषयी लिहू शकतो, आणि मतभेद असूनही लिहू शकतो. कारण त्याच्यासमोर काम होते. या पत्रांना आणि प्रस्तावनांना कोणी वशिला म्हणणार नाही.

५

आता प्रत्यक्ष काय करायचे ते क्रमाने पाहू.

प्रथम यादी करावी. आपल्याला शिकवलेल्या, आपले लिखाण तपासलेल्या, अभिरूप न्यायालयाची तयारी करून घेतलेल्या, ग्रंथालयात किंवा विधी साहाय्य केंद्रात आपल्याबरोबर काम केलेल्या सर्वांची नावे लिहावीत. प्रत्येक नावापुढे एकच गोष्ट लिहावी : यांनी माझे कोणते काम पाहिले? जेथे ही जागा कोरी राहील ते नाव खोडावे, मग ते कितीही मोठे असो.

नंतर माणूस शोधावा. निवृत्त प्राध्यापकांचा पत्ता महाविद्यालयाच्या कार्यालयात, माजी सहकाऱ्यांकडे किंवा विद्यापीठाच्या विभागात मिळतो. नोकरी बदललेल्यांचा नवा ई-मेल बहुधा नव्या संस्थेच्या संकेतस्थळावर असतो. निवृत्त शिक्षकांची साक्ष चालते. त्यांनी पत्रात 'मी अमुक वर्षी निवृत्त झालो आणि अमुक काळात हा विषय शिकवत होतो' असे लिहावे म्हणजे झाले. काही विद्यापीठे संस्थेचाच ई-मेल पत्ता मागतात आणि आपल्याकडे कित्येक शिक्षकांचा तसा पत्ताच नसतो. अशा वेळी प्रवेश विभागाला आधी लिहून विचारावे. लेटरहेडवरील सही-शिक्क्याचे पत्र आणि खुलासा चालेल का, ते त्यांच्याकडून लेखी घ्यावे.

तिसरी गोष्ट कागदांची. एका फाईलमध्ये पुढील गोष्टी ठेवाव्यात : त्या विषयाची गुणपत्रिका; प्रकल्पाची किंवा निबंधाची प्रत, त्यावर शिक्षकांचे शेरे असतील तर उत्तमच; पदवीनंतरच्या कामाचे दोन पानी टिपण; अर्जासाठी लिहिलेल्या उद्देशपत्राचा मसुदा; आणि कोणत्या विद्यापीठाला कोणत्या तारखेपर्यंत पत्र हवे याची यादी. प्रकल्प हरवला असेल तर निदान त्याचा विषय, वर्ष आणि त्यातला मुख्य मुद्दा आठवून लिहावा. कलम १५९ चा हा आपला कागद.

चौथी गोष्ट विनंतीची. ती तोंडी करावी, पण तिच्या मागोमाग लेखी द्यावी. मजकूर साधा असावा. उदाहरणार्थ :

"आदरणीय सर, सविनय नमस्कार. मी २०१५ ते २०१८ या काळात आपल्या महाविद्यालयात एलएल.बी.ला होतो. तिसऱ्या वर्षी आपण आम्हाला श्रमिक कायदे शिकवलेत. वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६ या विषयावर मी प्रकल्प लिहिला होता. आपल्या शेऱ्यांसह त्याची प्रत सोबत जोडली आहे. पदवीनंतर मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो आणि वीटभट्टी मजुरांची प्रकरणे चालवतो. याच विषयात पुढे अभ्यास करण्यासाठी मी एलएल.एम.ला अर्ज करीत आहे. माझ्या त्या वेळच्या कामाविषयी आपल्याला सविस्तर आणि अनुकूल लिहिता येईल असे वाटत असेल तरच हे पत्र आपण द्यावे. तसे नसेल तर मोकळेपणाने कळवावे. मला त्याचे वाईट वाटणार नाही. शेवटच्या तारखेला अजून अडीच महिने आहेत."

यातले 'अनुकूल लिहिता येईल असे वाटत असेल तरच' हे शब्द गाळू नयेत. त्यामुळे समोरच्याला सन्मानाने नकार देता येतो, आणि आपण पोकळ पत्रापासून वाचतो. त्याचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. अमेरिकेत १९७४ च्या एका कायद्याने विद्यार्थ्याला आपल्याविषयीची शैक्षणिक नोंद पाहण्याचा हक्क दिला. शिफारसपत्रापुरता हा हक्क सोडून देता येतो, आणि अर्जात तसे विचारले जाते. गुप्त पत्रावर निवड समितीचा विश्वास अधिक बसतो म्हणून बहुतेक अर्जदार तो सोडतात. म्हणजे आपल्याविषयी काय लिहिले ते आपल्याला दिसणार नाही. यासाठी माणूस आधीच पारखून घ्यावा. विनंतीनंतर जो 'बघू, वेळ मिळाला तर' म्हणतो त्याच्या मागे लागू नये.

पाचवी गोष्ट वेळेची. दोन-तीन महिने आधी विचारावे, मुदतीच्या पंधरा दिवस आधी नम्रपणे आठवण द्यावी, आणि पत्र गेल्यावर निकाल काय लागला तेही कळवावे. आपण काम झाले की फिरकत नाही, मग पुढच्या मुलाच्या वेळी त्याच शिक्षकांचे दार थोडे कमी उघडते.

अमेरिकेच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी पत्रे 'लॉ स्कूल ॲडमिशन कौन्सिल' या मध्यवर्ती संस्थेकडे जातात. शिक्षक एकदाच पत्र पाठवतात आणि ती संस्था ते निरनिराळ्या विद्यापीठांना देते. शिक्षकांना हे समजावून सांगितले तर 'दहा ठिकाणी दहा पत्रे कोण लिहीत बसणार' ही त्यांची धास्ती जाते.

६

आपल्याकडे एक सर्रास चालणारी पद्धत आहे. शिक्षक म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." यामागे वाईट हेतू असतोच असे नाही; कामाचा बोजा असतो, इंग्रजीत लिहिण्याचा कंटाळा असतो, कधी विश्वासही असतो. तरीही हे करू नये. पत्र शिकवणाऱ्यानेच लिहिलेले असावे अशी विद्यापीठांची अपेक्षा असते, आणि स्वतःच्या हाताने स्वतःची साक्ष लिहिणाऱ्याने कायद्याच्या शिक्षणाची सुरुवातच बनावट पुराव्याने केली असे होईल. शिवाय दोन्ही पत्रे एकाच हाताची असली की वाचणाऱ्याच्या लक्षात येते.

मग उपाय काय? मसुदा देऊ नये, मुद्दे द्यावेत. "सर, आपण पाहिलेल्या या तीन गोष्टी आहेत, यांतले आपल्याला आठवते आणि पटते ते आपल्या शब्दांत लिहावे," असे म्हणावे. इंग्रजीची अडचण असेल तर शिक्षकांनी मराठीत लिहावे. मूळ पत्रासोबत प्रमाणित भाषांतर जोडता येते. मराठीत मनापासून लिहिलेल्या पत्राचे भाषांतर, पुस्तकातून उतरवलेल्या इंग्रजी विशेषणांपेक्षा केव्हाही चांगले.

पत्राच्या आशयाबद्दलही शिक्षकांनी एक दक्षता घ्यावी. आपल्या विद्यार्थ्यासाठी लिहिताना पुष्कळ जण सदिच्छेने लिहितात : 'हा गरीब, मागासवर्गीय, होतकरू आणि आज्ञाधारक विद्यार्थी आहे.' हे वाक्य दयेची मागणी करते. आज्ञाधारकपणा हा वकिलाचा गुण नाही, आणि दारिद्र्य हे बुद्धीचे मोजमाप नाही. त्याऐवजी असे लिहावे : 'अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १५-अ मध्ये पीडित व साक्षीदारांना दिलेल्या हक्कांवर त्याने आठ पानांचे मराठी टिपण तयार केले. ते इतके अचूक होते की आमच्या विधी साहाय्य केंद्रात आम्ही ते वापरू लागलो.' पहिल्या वाक्यात मुलगा खाली मान घालून उभा दिसतो. दुसऱ्यात तो काम करताना दिसतो. जातीचा आणि परिस्थितीचा उल्लेख करायचा की नाही, हे विद्यार्थ्याला विचारून ठरवावे. केला तर त्याने कोणत्या अडथळ्यातून कोणते काम उभे केले ते सांगण्यासाठी करावा.

७

सर्व प्रयत्न करूनही एकही प्राध्यापक सापडला नाही तर? काही शिक्षक वारलेले असतात, काही महाविद्यालये बंद पडलेली असतात. काही ठिकाणी तर ज्यांनी शिकवले त्यांच्याकडूनच छळ झालेला असतो. त्यांच्या दारात पुन्हा जा असे सांगण्याचा कोणाला अधिकार नाही.

अशा वेळी तीन वाटा आहेत. पहिली वाट कामाच्या ठिकाणच्या साक्षीची. शिक्षण सोडून बरीच वर्षे झालेल्या अर्जदाराकडून एक किंवा अधिक पत्रे कामाच्या ठिकाणची घ्यायला अनेक लॉ स्कूल तयार असतात. ज्यांच्या हाताखाली आपण वकिली केली ते ज्येष्ठ वकील, शाळेचे मुख्याध्यापक, संस्थेचे समन्वयक, ज्यांनी आपले लेख तपासून छापले ते संपादक हे सगळे चालतात. नातेवाईक आणि राजकीय पुढारी टाळावेत. शक्य झाल्यास एक पत्र जुन्या शिक्षकांचे आणि एक आजच्या कामाचे अशी जोडी करावी. एकातून बुद्धी दिसते, दुसऱ्यातून त्या बुद्धीचे मधल्या वर्षांत काय झाले ते दिसते. मधली वर्षे ही उणीव आहे असे समजून ती लपवू नयेत. चेव्हनिंग शिष्यवृत्तीला तर किमान दोन वर्षांच्या कामाचा अनुभव ही पात्रतेचीच अट आहे.

दुसरी वाट नवा साक्षीदार तयार करण्याची. एक वर्ष हाती असेल तर एखाद्या अभ्यासक्रमाला नाव घालावे : जवळच्या विद्यापीठात एम.ए. किंवा पदविका, इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ, नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलचे दूरशिक्षण. नुसते नाव घालून भागणार नाही. लेखी काम वेळेवर द्यावे, तपासणाऱ्याला प्रश्न विचारावेत, एखादा निबंध त्यांना वाचायला द्यावा. वर्षअखेरीस आपले काम ताजे पाहिलेला एक शिक्षक उभा राहतो.

तिसरी वाट स्पष्ट सांगण्याची. प्रवेश विभागाला थोडक्यात आणि न रडता लिहावे की अमुक कारणाने शैक्षणिक पत्र देणे शक्य नाही, त्याऐवजी अमुक व्यक्तीचे पत्र चालेल काय. हे आधी विचारलेले बरे. न विचारता नियम मोडलेला अर्ज अपुरा म्हणून परत येऊ शकतो.

एवढे करताना वयाकडेही लक्ष ठेवावे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीला पस्तिशीच्या आत अर्ज करावा लागतो आणि कुटुंबाच्या उत्पन्नाचीही मर्यादा आहे. नियम बदलत असतात. २०२२ मध्ये तर भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषयच या शिष्यवृत्तीतून वगळण्यात आले. म्हणून त्या-त्या वर्षीची जाहिरात मुळातून वाचावी, कोणाच्या सांगण्यावर विसंबू नये. साक्षीदार शोधण्यात दोन वर्षे गेली तर दार बंद झालेले असू शकते.

८

शेवटी दोन शब्द शिक्षकांना आणि कार्यकर्त्यांना.

जे आज महाविद्यालयांत शिकवत आहेत, त्यांतले कितीतरी जण पहिल्या पिढीचे आहेत. त्यांनी एक वही ठेवावी. वर्षाला चार-पाच विद्यार्थ्यांविषयी चार-चार ओळी लिहाव्यात : विषय कोणता, प्रकल्प कोणता, वर्गात कोणता प्रश्न विचारला, कोठे चुकला आणि कसा सुधारला. मागच्या बाकावरच्या मुलीचा एखादा निबंध चांगला उतरला तर तिला खोलीत बोलावून तसे सांगावे. ती स्वतःहून येणार नाही. आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांना सांगावे की पुढे कधी लागले तर माझ्याकडे या, तुमच्याविषयी माझ्यापाशी लिहून ठेवले आहे. सात वर्षांनी त्या चार ओळींवर एक पत्र उभे राहील.

संघटनांनीही हेच करावे. मोर्च्याचा फोटो सगळे ठेवतात; फिर्याद कोणी लिहिली, जबाब कोणी तपासले, दाखल्यासाठी तहसील कार्यालयात कोण बसून राहिला, याची नोंद कोणी ठेवत नाही. ती ठेवली तर कार्यकर्त्याच्या कामाला पुरावा राहतो, आणि उद्या तो शिकायला निघाला तर समन्वयकाला नुसती स्तुती न करता तारीखवार साक्ष देता येते.

कोर्टात आपल्या माणसांचे खटले पुष्कळदा साक्षीदार फितूर झाल्याने किंवा पुढे न आल्याने पडतात, हे आपण जाणतो. शिक्षणाच्या दारात आपल्या मुलांची बाजू साक्षीदाराअभावी पडू नये. ज्यांनी पाहिले आहे त्यांनी लिहावे, आणि ज्यांना हवे आहे त्यांनी कागद घेऊन, ताठ मानेने मागावे.